दोऱ्यांच्या गल्लीत दॉ ओन श्वे

दॉ ओन श्वे बसमधून उतरली आणि तिला वाटलं, आपण अजून होडीतच आहोत. पायाखालची जमीन हलत होती. दिवसभर पाण्यावर काढलेल्या माणसाला काठावर उतरल्यावरही थोडा वेळ असं वाटत राहतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती एका खांबाला धरून शांत उभी राहिली. पण हलणं काही थांबेना. एकामागून एक बसगाड्या येत होत्या, प्रत्येकीच्या दारात एकेक कंडक्टर लोंबकळत होता आणि मागे आग लागल्यासारखा थांब्यांची नावं ओरडत होता. शेवटी तिने मनाशी ठरवलं की इथली जमीनच अशी असणार, आणि खांब सोडला.

रस्त्याच्या ऐन मधोमध सोन्याचा पॅगोडा उभा होता. गाड्या त्याच्याभोवती फिरत होत्या, भोवऱ्यात सापडलेली जलपर्णी फिरते तशा, सुटायची घाई असूनही सुटत नसल्यासारख्या. ओन श्वेने आधी पॅगोड्याला हात जोडले. त्या नादात डोक्यावरची चटईची गुंडाळी घसरली, ती शेजारच्या माणसाने वरच्यावर झेलली.

"केवढ्याला?" त्याने विचारलं.

"विकायची नाही."

"मग यांगूनला कशाला आणलीत मावशी? फिरवायला?"

पानाने लाल झालेले दात दाखवत त्याने चटई परत तिच्या डोक्यावर ठेवली, नीट तोल साधून, आणि पुढची बस पकडली. ओन श्वेने त्या बसच्या कंडक्टरचं तोंड पाहून घेतलं. तो नव्हता. सकाळपासून ती प्रत्येक कंडक्टरचं तोंड पाहत होती, कारण तिच्या बहिणीचा नवरा यांगूनच्या बसवर कंडक्टर होता आणि शहर केवढं असतं याचा तिला अजून अंदाज आलेला नव्हता.

ती पांतनॉकडची. इरावतीला समुद्राजवळ जिथे असंख्य फाटे फुटतात, तिथल्या एका फाट्यावर तिचं गाव. त्या गावात मुली चालायला लागतात त्याच सुमारास चटया विणायला लागतात. हिरवा लव्हाळा कापायचा, सुरीने चिरून त्याच्या पट्ट्या काढायच्या, उन्हात वाळवायच्या, आणि मग एका कोपऱ्यातून विणायला घ्यायचं. विणणारी बाई विणून झालेल्या भागावरच बसते आणि विणत विणत पुढे सरकते. जेवढं विणून होईल तेवढीच तिला बसायला जागा. ओन श्वेचं सगळं आयुष्य असं सरकत गेलेलं होतं. धाकटी न्वे यिन जन्मली आणि आई गेली. तेव्हापासून तिने न्वे यिनला कडेवर घेऊन लव्हाळा कापला, मांडीवर घेऊन चटया विणल्या. पलीकडच्या गावचा चटयांचा एक व्यापारी लागोपाठ दोन हंगाम त्यांच्याकडे येत होता. चटया बघायचा कमी, तिच्याकडे जास्त. न्वे यिनला गोवर निघाला त्या वर्षी ओन श्वेने त्याला दारातूनच परत पाठवलं, आणि पुढच्या हंगामात तो आला नाही. याबद्दल ती कधी काही बोलली नाही. विचारलंच कुणी तर म्हणायची, त्याला चटईतलं काही कळत नव्हतं.

न्वे यिन मोठी झाली, को बा शेन नावाच्या शहरी माणसाशी तिने लग्न केलं आणि ती यांगूनला गेली. वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला मात्र न चुकता यायची. तेव्हा घराघरांत दिवे लागतात आणि लहान माणसं थोरांकडे जाऊन गुडघे टेकून वंदन करतात. वर्षभरात आपल्या हातून, तोंडातून, मनातून काही चुकलं असेल तर क्षमा मागतात आणि थोरं आशीर्वाद देतात. न्वे यिन ताईसमोर वाकायची, आणि ओन श्वे तिच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या गावात सर्वांत लांबलचक आशीर्वाद द्यायची. इतका लांब, की न्वे यिन खालूनच म्हणायची, "ताई, मान दुखली. बाकीचा पुढच्या वर्षी दे."

मग वडील गेले. सातव्या दिवशी भिक्खूंना जेवण होतं, अंगण माणसांनी भरलेलं होतं, आणि न्वे यिन पोचली ती भिक्खू जेवून उठल्यावर. ती फाटकातून आत येताना दिसली. सात दिवस डोळ्याला डोळा न लागलेली ओन श्वे सगळ्यांच्या देखत शेजारणीला म्हणाली, "पाहुणे आलेत. चहा द्या त्यांना."

न्वे यिनने पाहुण्यांच्या चटईवर बसून चहा घेतला. कप खाली ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि संध्याकाळच्या होडीने परत गेली. त्यानंतर ती आली नाही.

निरोप उशिरा पोचला होता, हे ओन श्वेला नंतर कळलं. बहिणीच्या गल्लीत फूटपाथवर टेबल टाकून फोन चालवणारा एक माणूस होता. गावाहून गेलेला निरोप त्याने ऐकला, आणि सांगायला विसरला. त्याला आठवला तेव्हा न्वे यिन नेसत्या लुंगीनिशी निघाली होती. हे कळल्यापासून दर वर्षी पौर्णिमेला ओन श्वे दारात चटई अंथरून बसायची. गावातली पोरं यायची, वाकायची, केळी ठेवायची, आशीर्वाद घेऊन जायची. आशीर्वाद आता फार लांब नसायचे.

यंदा पावसाळा संपता संपता ऊ तात नावेतून चटया पोचवून यांगूनहून आला आणि तिला म्हणाला, "तुझी बहीण भेटली."

"कशी आहे?"

"सहाव्या मजल्यावर."

"कशी आहे विचारलं मी. किती उंच ते नाही."

"अगं, तेच सांगतोय. इतक्या खालून कशी दिसणार? तिने दोरी सोडली, मी चटई बांधली, दोरी वर गेली. वरून ओरडून विचारलं, कुणाच्या हातची? मी म्हटलं, तुझ्या ताईच्या."

"मग?"

"मग काही नाही. गप्प झाली. पण चटई ठेवून घेतली."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. त्या रात्री ओन श्वेने नवी चटई गुंडाळून ठेवली. शेजारची दॉ खिन पू दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यापर्यंत तिच्या मागे बडबडत आली. "थोरलीने धाकटीच्या दारात जायचं? वंदन घ्यायला कुणी बसने जातं का? लोक काय म्हणतील?"

"पॅगोडा बघायला चाललेय," ओन श्वे म्हणाली आणि होडीत बसली.

आता पॅगोडा बघून झाला होता. पुढे रस्ता ओलांडायचा होता.

भरतीच्या वेळी खाडी कशी ओलांडावी हे तिला कुणी शिकवायला नको होतं. थांबायचं, पाणी मंदावलं की निघायचं. ती फूटपाथच्या कडेला थांबली. गाड्या मंदावायची वाट बघता बघता तिने बाजूच्या चहाच्या दुकानात एका टोळक्याचे दोन चहा संपताना पाहिले. माणसं इवल्याशा स्टुलांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि ओठांनी च्च च्च करून पोऱ्यांना बोलावत होती. दर वेळी ओन श्वेला वाटायचं, कुणी मांजराला बोलावतंय. भरती ओसरली नाही. मग डावीकडून गुलाबी कपड्यातल्या लहान लहान भिक्खुणींची रांग आली. मुंडण केलेली डोकी, खांद्यावर तपकिरी घडी, हातात भांडी. ती रांग न थांबता, न बघता सरळ रस्त्यात उतरली, आणि गाड्यांनी तिला वाट दिली. ओन श्वे रांगेच्या शेपटाला लागली.

रस्ता संपला तरी ती त्यांच्या मागून चालतच राहिली. एवढ्या गोंधळात तेवढीच एक गोष्ट सावकाश चाललेली होती. जमिनीवर मांडलेली जुनी पुस्तकं, तळणीतून काढलेले नाकतोडे, कागदाचे चांदणीच्या आकाराचे कंदील, उसाचा रस, दातांचा डॉक्टर, तराजू घेऊन बसलेला आणि झोपलेला माणूस, सगळं तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत मागे जात होतं. कुणी बोलावत होतं, कुणी ढकलत होतं, पण त्या गुलाबी रंगामागे तिला काही लागत नव्हतं. स्वप्नात माणूस चालतो तशी ती चालली. कुठे जायचंय हे माहीत असतं, आणि विचारलं तर सांगता येत नाही.

रांगेतली शेवटची, सगळ्यांत छोटी भिक्खुणी मागे वळली. "आजी, तुम्ही आमच्याबरोबर आहात का?"

"कुठे चाललात?"

"विहारात. जेवायची वेळ टळत आलीय."

"नाही गं. मला बहिणीकडे जायचंय."

"मग मागं फिरा. तिकडे फक्त आम्हीच राहतो."

मागे फिरून, विचारत विचारत, तीन जणांना 'चटई विकायची नाही' असं सांगून ती शेवटी त्या गल्लीच्या तोंडाशी आली, आणि वर बघून उभी राहिली.

गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना उंच, शेवाळलेल्या इमारती. आणि प्रत्येक गॅलरीतून एकेक दोरी खाली सोडलेली, माणसाचा हात पोचेल इतकी खाली. निळ्या, लाल, पोपटी. कुणाच्या टोकाला चिमटा, कुणाच्या पिशवी, कुणाच्या वेताची परडी. वारा आला की सगळ्या एकदम झुलायच्या आणि वर कुठे कुठे घंटा किणकिणायच्या. ओन श्वेला वाटलं, वर माणसं गळ टाकून बसली आहेत आणि आपण तळाशी आहोत. एक परडी तिच्या डोळ्यांसमोर खाली आली. पेपरवाल्याने तीत पेपर ठेवला, दोरीला हिसका दिला आणि परडी पुन्हा आकाशात गेली.

ऊ तातने खूण सांगितली होती. खाली छत्रीवाला बसतो. छत्रीवाला कुठेच नव्हता. त्याच्या जागी एक जाडजूड बाई पानांना चुना लावत बसली होती. मा चो तिचं नाव, हे पुढे कळलं.

"छत्रीवाला शोधताय, मावशी? पाऊस सरला की तो छत्र्या दुरुस्त करत नाही. आता पुढच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करतो. चटई केवढ्याला?"

"विकायची नाही. न्वे यिन कुठे राहते? पांतनॉकडची."

"नावाने इथं कोण ओळखतं? दोरी कसली ते सांगा."

"दोरी मला कशी माहीत असणार?"

"मग पंचाईत आहे. आम्ही सगळे खाली बसणारे. वरची माणसं आम्हाला दोरीनेच ठाऊक."

"तिचा नवरा बसवर कंडक्टर आहे. को बा शेन."

"घसा बसलेला? हां, मग असं सांगा ना. त्यांची निळी. चिमट्याची. ती उजवीकडची."

निळ्या दोन होत्या. ओन श्वेने एक ओढली. खूप वर घंटा वाजली, आणि पाचव्या मजल्यावरून चष्मा लावलेलं एक डोकं बाहेर आलं.

"कोण आहे?"

"मी पांतनॉहून..."

"नको. मागच्याच महिन्यात घेतली चटई." डोकं आत गेलं.

मा चो हसून हसून चुन्यात बोट बुडवायचं विसरली. "उजवीकडची म्हटलं होतं मी."

"तुमच्या उजवीकडची की माझ्या?"

"गावाकडून आलात मावशी, पण भांडता अगदी गल्लीतल्यासारखं. ती, ती पलीकडची ओढा."

ओन श्वेने पलीकडची दोरी हातात घेतली. होडीपासून इथपर्यंत तिने वाक्य जुळवत आणलं होतं. आधी ते लांब होतं, मग बसमध्ये छोटं झालं, आणि आता त्यातला एकही शब्द सापडेना. तिने दोरी ओढली. घंटा वाजली ती पाण्याखाली वाजल्यासारखी. सहाव्या मजल्याच्या कठड्यावरून कुणीतरी वाकलं. इतक्या खालून चेहरा दिसत नव्हता. गालांवरचा थनाख्याचा पिवळा लेप तेवढा दिसत होता, आणि वाकण्याची तऱ्हा. एक खांदा थोडा पुढे. कडेवरून वाकून पाण्यात बघताना न्वे यिन लहानपणी तशीच वाकायची.

ओन श्वेने चटई डोक्यावरून खाली उतरवली आणि तोंड वर करून नुसती उभी राहिली.

वरून कुणी काही विचारलं नाही. दोरी तिच्या हातातून हिसका देऊन सुटली आणि वर जाऊ लागली. दुसरा मजला, तिसरा, चौथा. मग कठड्याआड दिसेनाशी झाली. पिवळे गालही दिसेनासे झाले.

मा चोचा हात पानावर थांबला. "कोण लागते तुमची?"

"बहीण."

"भांडण?"

ओन श्वेने चटई छातीशी धरली. बाकीच्या दोऱ्या वाऱ्यावर हलत होत्या. एवढ्या सगळ्या दोऱ्यांमध्ये एक नसली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, असं तिच्या मनात आलं. परतीची बस कुठून सुटते हे तिने कुणाला विचारलेलं नव्हतं. विचारावं म्हणून ती मा चोकडे वळली, तर मा चो वर बघत होती.

दोरी खाली येत होती. सावकाश, थांबत थांबत. चिमट्यात एक किल्ली होती.

"घ्या, किल्ली आली," मा चो म्हणाली. "खालचं दार उघडा, आत गेल्यावर परत लावा. नाहीतर कुत्री वर जातात. आणि हे पान घ्या. राहू द्या, सणाचं आहे."

जिना अंधारा होता. एका मजल्यावर माशाच्या चटणीचा वास, एकावर उदबत्तीचा, एकावर ओल्या कपड्यांचा. प्रत्येक वळणावर ती टेकत होती आणि टेकताना विचार करत होती. किल्ली काय, पाहुण्यालाही देतात. पाण्याचा हंडा आणणाऱ्यालाही देतात. दार उघडलं म्हणजे तिने मला आत घेतलं असं नाही. ती मला काय म्हणून आत घेते, तेवढंच बघायचं. यासाठीच तर ती आली होती, आणि पाचव्या मजल्यावर तिला वाटलं की न कळलं तर बरं.

दार उघडंच होतं. न्वे यिन दारात उभी होती. थोडी जाड झाली होती. केसांना तेल लावलेलं, सणाची लुंगी नेसलेली.

"या," ती म्हणाली. "बसा."

आतून को बा शेनचा घोगरा आवाज आला. "मोठ्या मेहुणीबाई आल्या की काय? अहो, सांगितलं असतंत तर बस घेऊन आलो असतो. प्रवासी उतरवून."

खोलीत ऊ तातने विकलेली चटई अंथरली होती. ओन श्वेने दारातूनच आपलं काम ओळखलं. डाव्या कोपऱ्यात तिची वीण नेहमी थोडी घट्ट व्हायची. आणलेली गुंडाळी भिंतीशी टेकवून ती चटईवर बसायला वाकली, तर न्वे यिनने प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली. "इथे बसा. बरं पडेल."

ती खुर्चीवर बसली. न्वे यिनने टेबलपंखा उचलून तिच्या बाजूला वळवला. चहाची किटली आणली. मुरवलेल्या चहाच्या पाल्याचा लाखेचा डबा आणला, त्यात पाला, तळलेल्या डाळी, तीळ, लसूण, सगळं आपापल्या कप्प्यात. दोन्ही हातांनी कप पुढे केला.

"प्रवास बरा झाला?"

"बरा झाला."

"पाणी उतरलं का तिकडे?"

"उतरलं."

"यांगून कसं वाटलं, मेहुणीबाई?" को बा शेनने विचारलं.

"हलतं."

"काय हलतं?"

"जमीन. इथली जमीन हलते."

"माझी तर लग्नापासून हलतेय," तो म्हणाला आणि बायकोकडे बघितलं. न्वे यिन हसली नाही. तिने पाल्याचा डबा ओन श्वेकडे सरकवला. "घ्या ना. काहीच घेतलं नाहीत."

कशाला नाव ठेवायला जागा नव्हती. चहा गरम होता, डाळी कुरकुरीत होत्या, वारा नेमका अंगावर येत होता. ओन श्वे कप धरून बसली. त्या दिवशी अंगणात न्वे यिनला कसं वाटलं असेल हे तिने अनेक वर्षं मनात ताडून पाहिलं होतं. ताडलं होतं त्याहून ते थंड होतं, आणि त्यात कुणाचा आवाज चढत नव्हता.

थोड्या वेळाने न्वे यिन उठली. तबकात केळ्यांचा फणा, एक नारळ, मेणबत्त्या आणि नवा पंचा घेऊन आली. सणाच्या दिवशी थोरल्या माणसाला उंबऱ्यावरून तसंच पाठवत नाहीत. तिने ते सगळं खुर्चीसमोर मांडलं, चटईवर गुडघे टेकले आणि हात जोडले.

"हातून, तोंडातून, मनातून काही चुकलं असेल तर क्षमा असावी," ती म्हणू लागली. प्रत्येक शब्द स्पष्ट होता. वरच्या मजल्यावरच्या मास्तरणीसमोर, नवऱ्याच्या आत्यासमोर ती असंच म्हणत असेल. म्हणून झाल्यावर तिने कपाळ चटईला टेकवलं आणि ती आशीर्वादासाठी थांबली.

आशीर्वाद ओन श्वेला तोंडपाठ होते. निरोगी राहा, पाण्यापासून, आगीपासून, वाईट माणसांपासून सांभाळली जा, इथपासून ते पार निर्वाणापर्यंत. पण नजर खाली गेली. समोर वाकलेल्या मानेवर घामाने चिकटलेले केस होते. ती खुर्चीवरून खाली कधी सरकली तिलाच कळलं नाही. गुडघे चटईला लागले, हात कपाळाशी जुळले, आणि ती धाकट्या बहिणीसमोर वाकली. न्वे यिन नेमकी त्याच क्षणी डोकं वर उचलत होती. दोघींची डोकी ठणकन आपटली.

को बा शेन उभा राहिला. न्वे यिन एका हाताने कपाळ धरून बघत राहिली, आणि मग काय झालंय ते तिच्या ध्यानात आलं.

"अगं, काय करतेस? ताई, वेड लागलंय का तुला? थोरली ना तू? माझ्यापुढे वाकतेस? मला कुठल्या नरकात घालायला एवढ्या लांबून आलीस? हात खाली कर. खाली कर म्हणते ना." तिने ओन श्वेची मनगटं धरून खाली ओढली. ओन श्वे ती पुन्हा वर न्यायला बघत होती. "बघा हो हिच्याकडे. ऐकत नाही. ही कधी कुणाचं ऐकतच नाही."

"मी तुला पाहुणी म्हटलं," ओन श्वे म्हणाली.

न्वे यिनने मनगटं सोडली नाहीत.

"म्हटलंस."

"सगळ्यांच्या देखत."

"सगळ्यांच्या देखत. आणि चहा दिलास. तो गार होता."

"गार होता?"

"गारढोण. तळाशी मुंगी होती."

"मग सांगायचंस."

"पाहुणे सांगत नसतात," न्वे यिन म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "मी होडीत रात्रभर उभी होते, ताई. बसायला जागा नव्हती. वाटलं, पोचले की तू ओरडशील. एक थोबाडीत देशील. तुला चालतं ते. तू माझ्यावर ओरडलीसुद्धा नाहीस."

को बा शेन खाकरला. "मी जरा खाली जाऊन पान..."

"बसा गुपचूप. कुठे जायचं नाही."

तो बसला. ओन श्वेला बोलायचं होतं, की त्या दिवशी ओरडायला तिच्यात जीवच उरला नव्हता. निरोपाचं तिला नंतर कळलं. दर वर्षी चटई अंथरली. पण तिने बहिणीच्या कपाळावर हात ठेवला. तिथे टेंगूळ येत होतं.

"आता आशीर्वाद दे," न्वे यिन नाक पुसत म्हणाली. "अर्धवट राहिलाय. आणि मघाचं वाकणं परत घे."

"ते परत कसं घेणार?"

"मला काय माहीत? तू केलंस, तू निस्तर."

ओन श्वेने आशीर्वाद दिला. निरोगी राहा, इथून सुरुवात केली. पाणी झालं, आग झाली, वाईट माणसं झाली, साप झाले, बसगाड्या झाल्या. मधे दोनदा ती विसरली आणि पहिल्यापासून म्हणाली. न्वे यिनने मान खाली ठेवली होती. या वेळी ती मान दुखल्याचं बोलली नाही.

बाहेर उजेड उतरायला लागला होता. समोरच्या गॅलऱ्यांमध्ये कुणी कुणी मेणबत्त्या लावायला लागलं होतं, खालून पोरांचा आणि हॉर्नचा आवाज एकमेकांत मिसळून वर येत होता. सहाव्या मजल्यापर्यंत येईस्तोवर त्याचा नुसता घोष व्हायचा, दुरून ऐकू येणाऱ्या भरतीसारखा. ओन श्वे तो ऐकत तशीच चटईवर बसून राहिली असती, पण न्वे यिनने तिला कोपराने ढोसलं.

"ऊठ. नुसती बसून राहू नकोस. वाळकी कोळंबी निवडायची राहिलीय. मला सकाळपासून वेळ झाला नाही."

स्वयंपाकघर म्हणजे एक कोपरा होता, दोन बायका उभ्या राहिल्या की भरणारा. ओन श्वेने सूप घेतलं, कोळंबीतला कचरा निवडला, दोन-चार कोळंब्या तोंडात टाकून पाहिल्या.

"ही कुठून आणलीस? यात वाळूच जास्त आहे."

"बाजारातून. इथे खाडी नाही घरामागे."

"आणि लसूण एवढा जाड चिरतात का? करपेल बाहेरून, आत कच्चा राहील."

"तू शिकवलंस तसाच चिरलाय."

"मी असा शिकवला नाही. सुरी दे इकडे."

"देणार नाही. तू कोळंबी बघ तुझी."

को बा शेन दारात येऊन टेकला. "मेहुणीबाई, उद्या सकाळी पांतनॉची बस लवकर सुटते. पहाटे निघावं लागेल. सांगून ठेवतो आपलं."

"कोण चाललंय उद्या?" न्वे यिन त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तिने अजून शहर पाहिलंय कुठे? आणि गादी खाली काढा. ती माझ्या शेजारी झोपेल, तुम्ही बाहेर झोपा. लाथा मारते ती झोपेत, आधीच सांगते."

"मी नाही मारत," ओन श्वे म्हणाली. "तू मारायचीस."

तिने सूप खाली ठेवलं आणि न्वे यिनची पाठ वळलेली बघून सुरी उचलली. लसूण बारीक चिरायला घेतला.